खिळ्यावर चढणारं तांबं आणि नॅनोमीटरचे थर

मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या, निळ्या द्रावणात लोखंडी खिळा बुडवून ठेवायचा प्रयोग शाळेत बहुतेकांनी केलेला असतो. थोड्या वेळाने खिळा तांबूस होतो आणि द्रावणाचा निळा रंग फिका पडतो. लोखंड द्रावणात उतरतं, तांबं त्याची जागा घेतं. वीज वगैरे काही लागत नाही. हा प्रयोग लक्षात राहू द्या, पुढे त्याचं काम पडणार आहे.

आता एक चवड डोळ्यांसमोर आणा. कोबाल्टचा थर, त्यावर तांब्याचा, पुन्हा कोबाल्ट, पुन्हा तांबं, असे शेकडो थर आणि प्रत्येकाची जाडी दोन ते पाच नॅनोमीटर. एका नॅनोमीटरमध्ये तांब्याच्या अणूंचे जेमतेम पाच पदर बसतात. 1988 मध्ये फ्रान्समध्ये आल्बेर फेर यांनी आणि जर्मनीत पेटर ग्रुनबर्ग यांनी लोखंड आणि क्रोमियमचे असेच पातळ थर एकावर एक रचले. चुंबकीय क्षेत्र लावताच त्यांचा विद्युतरोध एकदम उतरला. कारण इलेक्ट्रॉनच्या स्पिनमध्ये, म्हणजे त्याच्या अंगच्या चिमुकल्या चुंबकपणात आहे. शेजारच्या चुंबकी थरांच्या दिशा उलटसुलट असतील, तर प्रत्येक इलेक्ट्रॉन कुठल्या ना कुठल्या थरात अडखळतो. बाहेरच्या क्षेत्राने त्या सगळ्या दिशा एकसारख्या केल्या, की एका स्पिनच्या इलेक्ट्रॉनना सरळ वाट मिळते. थर नॅनोमीटरचेच का हवेत, तेही यावरून कळतं. इलेक्ट्रॉन वाटेत आपली स्पिनची दिशा विसरायच्या आत पुढच्या थरात पोचला पाहिजे. या शोधावर 1997 पासून हार्ड डिस्कची वाचणारी टोकं चालू लागली आणि 2007 चं नोबेल दोघांना मिळून दिलं गेलं.

त्यांनी हे थर निर्वात पोकळीतल्या महागड्या यंत्रांत केले होते. पण दागिन्यांना सोन्याचं पाणी चढवतात, स्कूटरच्या भागांना निकेल-क्रोमचा मुलामा देतात, त्याच रीतीने चंचुपात्रात हे थर वाढवता येतात. मला या विषयाची ओढ लागली ती इथेच.

द्रावण एकच असतं. त्यात कोबाल्ट सल्फेट भरपूर आणि मोरचूद अगदी कमी, कोबाल्टच्या शंभरात एखादा भाग. त्यामुळे द्रावण निळं नाही, गुलाबी दिसतं. तांबं सहज बसणारा धातू आहे. विद्युतदाब सौम्य ठेवला तर फक्त तांबं बसतं. दाब वाढवला की कोबाल्टही बसू लागतो. तेव्हा तांबं थांबत नाही, पण मुळातच ते इतकं विरळ असतं की बसणाऱ्या थरात त्याचा वाटा किरकोळ राहतो. दाब कमी-जास्त करत राहायचं, थरावर थर चढत जातात.

जाडी मोजायला मोजपट्टी नको, विजेचा हिशेब पुरतो. फॅरडेच्या नियमाने (जितका विद्युतभार, तितका धातू) एक चौरस सेंटिमीटरवर तांब्याचा एक नॅनोमीटर चढवायला सुमारे 2.7 मिलिकूलम विद्युतभार लागतो. विरळ तांब्याचा प्रवाह 0.3 मिलिअँपिअर धरला, तर त्याला नऊ सेकंद हवेत. कोबाल्टला 30 मिलिअँपिअर मिळाले, तर तेवढीच जाडी सेकंदाच्या दहाव्या भागात होते.

आता तो खिळा आठवा. कोबाल्टचा थर पुरा झाला, दाब उतरवला, तांब्याची पाळी आली. या क्षणी समोर काय आहे? तांब्याच्या द्रावणात बुडालेला कोबाल्टचा कोरा पृष्ठभाग. म्हणजे शाळेतलाच प्रयोग! कोबाल्ट विरघळतो आणि त्याच्या जागी तांबं बसतं. विजेच्या हिशेबात याची नोंद उमटत नाही. तुम्ही कोबाल्ट तीन नॅनोमीटर समजून बसता आणि प्रत्यक्षात तो कमी असतो, तांबं जास्त. बुडापेस्टमध्ये इम्रे बाकोन्यी, लास्लो पेतेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दुखण्यावर चिकाटीने काम केलं. तांब्यासाठीचा दाब असा नेमका निवडायचा, की कोबाल्ट विरघळतही नाही आणि नवा बसतही नाही. माझ्या मते या सगळ्या विद्येतली सर्वांत देखणी गोष्ट हीच आहे. दुसरी अडचण तांब्याच्या पातळपणाची. थर फार पातळ केला तर त्याला भोकं राहतात, वरचा-खालचा कोबाल्ट एकमेकांना चिकटतो आणि चुंबकीय क्षेत्राने रोध उतरण्याचा परिणाम ओसरतो. निर्वात यंत्रातल्या थरांची बरोबरी करणं म्हणूनच कठीण जातं. विजेने वाढवलेल्या थरांत हा परिणाम प्रथम 1993 मध्ये ब्रिस्टलच्या गटाने दाखवला. त्यांनी कोबाल्टबरोबर निकेलही वापरलं होतं.

थरांना आडवा छेद देत प्रवाह सोडला तर परिणाम जास्त ठळक दिसायला हवा. पण चौरस सेंटिमीटरभर रुंद आणि मायक्रोमीटरभर जाड चवडीचा त्या दिशेचा रोध ओहमच्या अब्जाव्या भागाच्या आसपास भरतो. तो मोजायचा कसा? इथे नॅनोतारा कामाला येतात. पॉलिकार्बोनेटच्या पातळ पापुद्र्याला आरपार सूक्ष्म छिद्रं असतात. एका बाजूला धातूचा लेप द्यायचा आणि दुसरी बाजू द्रावणाकडे ठेवायची. छिद्रांच्या तळापासून धातू वर चढू लागतो, थर मात्र तेच, एक कोबाल्ट, एक तांबं. 20 मायक्रोमीटर लांब आणि 50 नॅनोमीटर जाड तार साध्या तांब्याची असली तरी तिचा रोध शंभर ओहमच्या वर जातो. तो मोजायला साधी उपकरणं पुरतात. 1994 मध्ये बेल्जियममधल्या लुवँ आणि स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथल्या गटांनी अशाच तारांमध्ये साध्या तापमानाला रोध सुमारे 15 टक्क्यांनी बदलताना पाहिला.

पापुद्रा अ‍ॅल्युमिनिअमच्या ऑक्साइडचाही चालतो. घरातल्या काळ्या, हार्ड अ‍ॅनोडाइज्ड तव्यावर जो कठीण थर असतो, तो याच जातीचा. हाच थर वेगळ्या आम्लात आणि बेताच्या दाबाने वाढवला, की त्यात मधाच्या पोळ्यासारखी छिद्रं सरळ रांगेत उभी राहतात. 1995 मध्ये जपानमध्ये मासुदा आणि फुकुदा यांनी ती फार नेटकी करून दाखवली.

छिद्रं भरत असताना प्रवाहमापकाचा काटा बराच वेळ जवळपास स्थिर असतो. मग अचानक तो वर चढू लागतो. धातू छिद्रांच्या तोंडाशी येऊन बाहेर सांडायला लागलेला असतो, आणि पापुद्र्यावर प्रत्येक तारेच्या माथ्याशी पावसातल्या अळंबीसारखी एकेक टोपी फुगू लागते. तोच थांबायचा क्षण. नंतर पॉलिकार्बोनेटचा पापुद्रा डायक्लोरोमिथेन या द्रावकात विरघळवला, की तारा मोकळ्या होतात.