साडीच्या दुकानाशेजारी साडीचंच दुकान का?

नवा मॉल होणार अशी बातमी आली की तिच्यात दोन गोष्टी ठळक असतात: जागा किती लाख चौरस फूट आणि ब्रँड कोणकोणते. लातूर असो, नांदेड असो की छत्रपती संभाजीनगर, लोकांच्या गप्पाही लगेच 'अमुक येतोय म्हणे' इकडे वळतात. मोठी नावं आली की मॉल चालणारच, हा समज फार पक्का आहे. पण नुसत्या यादीवरून मॉलचं काय होणार ते सांगता येत नाही. ते ठरतं दुकानांच्या जोड्यांवर. कोणाच्या शेजारी कोण आहे आणि एका दुकानातून पिशवी घेऊन बाहेर पडलेलं गिऱ्हाईक पुढे कुठे शिरतं, हा खरा प्रश्न आहे. गेली नव्वदहून जास्त वर्षं अर्थशास्त्रज्ञ त्यावर डोकं लावताहेत, आणि अलीकडे भौतिकशास्त्रज्ञही त्यात उतरले आहेत.

आधी लातूरच्या गंजगोलाईत जाऊ. 1917 साली बांधलेली दुमजली गोल इमारत, मधोमध अंबाबाईचं देऊळ आणि गोलाईला येऊन मिळणारे सोळा रस्ते. आराखडा नगररचनाकार फैयाजुद्दीन यांचा. या रस्त्यांवर धंद्यांप्रमाणे वेगवेगळे बाजार आहेत: सोन्याचा वेगळा, चपला-बुटांचा वेगळा, मिरची-गुळाचा वेगळा. लग्नसराईत औसा, चाकूर, रेणापूरकडून बस्ता बांधायला आलेल्या घरच्या मंडळींबरोबर इथे अर्धा दिवस फिरलं तर मॉलचं अर्धं शास्त्र समजतं. जीप भरून माणसं उतरतात. पहिली बैठक नवरीच्या शालूची. तो ठरल्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही, कारण ब्लाउजपीस, बांगड्या, नवरीची चप्पल या सगळ्यांचा रंग त्या शालूवरून ठरतो. मग मानापानाच्या साड्या, टॉवेल-टोपी, शर्ट-पँटचे पीस. मॅचिंग सेंटरच्या पायरीवर एखादी मावशी दुकानातल्या दिव्यावर भरवसा न ठेवता शालूचा काठ उन्हात धरते आणि अस्तराचे तीन तुकडे त्याला लावून बघते. फॉल-पिकोवाला समोरच हवा, कारण साडी टाकून जेवून येईपर्यंत ती तयार व्हायला हवी. तोवर पोरं भुकेजलेली असतात, म्हणून भजी आणि चहाही जवळच लागतो.

या सगळ्या धंद्यांना एकमेकांची गरज आहे, हे उघड दिसतं. शालू विकणाऱ्या दुकानाला शेजारी मॅचिंग सेंटर हवंच. पण शालू विकणारंच दुसरं दुकान शेजारी कशाला हवं? तिथे तर गिऱ्हाईक पळवलं जाणार, असं आपल्याला वाटतं.

अर्थशास्त्रज्ञ हॅरोल्ड हॉटेलिंग यांनी 1929 मध्ये गणिताने दाखवलं होतं की एका रस्त्यावरचे दोन दुकानदार जास्तीत जास्त गिऱ्हाईक आपल्याकडे ओढायच्या प्रयत्नात रस्त्याच्या मध्यावर येऊन एकमेकांना खेटून बसतात. पण त्यांच्या गणितात दोघांकडचा माल अगदी सारखा होता. शालूचं तसं नसतं. समजा, एका दुकानात मनासारखा शालू बसत्या भावात मिळण्याची शक्यता 30 टक्के आहे. म्हणजे न मिळण्याची 70 टक्के. दोन दुकानं असतील तर दोन्हीकडे न मिळण्याची शक्यता 0.7 गुणिले 0.7, म्हणजे 49 टक्के, आणि मिळण्याची 51 टक्के. तीन दुकानांत ती 66 होते, चारांत 76, आठांत 94.

आता दुकानदाराच्या बाजूने हिशोब करू. एकटंच दुकान असताना 100 कुटुंबं आली तर 30 बस्ते बांधले गेले. शेजारी आणखी तीन दुकानं आली आणि कुटुंबं 100 च राहिली, तर एकूण बस्ते 76 आणि एकेकाच्या वाट्याला 19. तोटाच. पण चाळीस-पन्नास किलोमीटरवरून जीप करून निघणारं कुटुंब 30 टक्क्यांच्या आशेवर सहसा निघत नाही. 76 टक्क्यांच्या आशेवर निघतं. त्यामुळे 100 च्या जागी 200 कुटुंबं आली तर एकूण बस्ते 152, प्रत्येकाला 38. येणारी कुटुंबं साधारण 158 च्या वर गेली की चौघांनाही एकटेपणापेक्षा शेजारी फायद्याचा. दुकानांच्या जागांचे अभ्यासक रिचर्ड नेल्सन यांनी 1958 मध्ये याला संचयी आकर्षण म्हटलं. हेच गणित कुठे थांबायचं तेही सांगतं. सातव्या दुकानाने शक्यता 92 टक्क्यांवर नेली, आठव्याने 94 वर. आठव्या दुकानाने गर्दीत फारशी भर घातली नाही, वाटेकरी मात्र एक वाढला.

किराण्याला हे लागू होत नाही. हवी ती साखर आणि डाळ एकाच दुकानात 95 टक्के मिळते, शेजारी दुसरं दुकान आल्याने त्यात भर ती काय पडणार? म्हणून किराणा दुकानं गल्लोगल्ली विखुरतात आणि साड्या, सोनं, चपला एकत्र येतात. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या इडायना इथे 1956 मध्ये व्हिक्टर ग्रुएन यांच्या आराखड्याप्रमाणे साउथडेल हा पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित मॉल उघडला. तिथे डेटन्स आणि डोनल्डसन्स ही दोन प्रतिस्पर्धी डिपार्टमेंट स्टोअर्स मुद्दाम एकाच छपराखाली घेतली होती.

आता या विषयातला माझा सगळ्यात आवडता भाग. कोणता धंदा कोणाला ओढतो आणि कोणाला ढकलतो हे अंदाजाने न सांगता मोजता येईल का? फ्रान्समधल्या लियाँ शहरात पाब्लो जेन्सन या भौतिकशास्त्रज्ञाने ते मोजलं आणि 2006 मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू ई' या नियतकालिकात मांडलं. पद्धत सुंदर आहे, जरा सावकाश बघू.

शहरातल्या प्रत्येक दुकानाची नकाशावरची जागा घ्यायची. मग, उदाहरणार्थ, प्रत्येक चपलांच्या दुकानाभोवती 100 मीटरचं वर्तुळ काढायचं आणि आतली दुकानं मोजायची. समजा, पूर्ण शहरात कापड दुकानांचं प्रमाण 10 टक्के आहे, पण चपलांच्या दुकानांभोवतीच्या वर्तुळांत ते सरासरी 20 टक्के निघालं. म्हणजे योगायोगाने असायला हवं त्याच्या दुप्पट. गुणोत्तर 2. उलट, हार्डवेअरची दुकानं शहरात 8 टक्के, पण या वर्तुळांत 2 टक्केच. गुणोत्तर एक चतुर्थांश. गुणोत्तर 1 निघालं तर त्या दोन धंद्यांना एकमेकांशी देणंघेणं नाही.

पुढची पायरी गुणोत्तराचा लॉग घेण्याची. चौपट ओढ आणि एक चतुर्थांश दुरावा या सारख्याच ताकदीच्या गोष्टी आहेत, फक्त उलट दिशेच्या; पण 4 आणि 0.25 हे आकडे तसे दिसत नाहीत. 2 पायाचा लॉग म्हणजे तो आकडा 2 चा कितवा घात आहे ते; तो घेतला की 4 आणि 0.25 चे अधिक 2 आणि उणे 2 होतात आणि आता त्यांची बेरीज करता येते. आपल्या उदाहरणात चपलांसाठी कापडाचा गुण अधिक 1, हार्डवेअरचा उणे 2. एक बारकावा लक्षात ठेवायचा: हे गुण दोन्ही बाजूंनी सारखेच असतील असं नाही. 'चपलांभोवती कापड किती' आणि 'कापडाभोवती चपला किती' हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं वेगळी येऊ शकतात.

आता एक रिकामा गाळा घ्या. तिथे चपलांचं दुकान टाकावं का? त्याच्या भोवती कापडाची 6 दुकानं आहेत. चपलांच्या दुकानांभोवती सरासरी 4 असतात. सरासरीपेक्षा 2 जास्त, गुण अधिक 1, म्हणून अधिक 2. हार्डवेअरची 3 आहेत, सरासरी 1 असते. 2 जास्त, गुण उणे 2, म्हणून उणे 4. बेरीज उणे 2. म्हणजे कापडाचा एवढा शेजार असूनही हा गाळा चपलांना सरासरीपेक्षा कमी मानवणारा आहे. हीच बेरीज सगळ्या धंद्यांवर केली की प्रत्येक जागेला प्रत्येक धंद्यासाठी एक गुण मिळतो. जेन्सन यांनी पुढे चुंबकीय पदार्थांच्या अभ्यासातलं पॉट्स प्रारूप वापरलं आणि एकमेकांना ओढणारे धंदे एका गटात पडतील, ढकलणारे वेगवेगळ्या गटांत, अशी विभागणी केली. लियाँची दुकानं पाच गटांत पडली. आणि हा गुण कागदी नाही, याची चाचणीही झाली: 2003 ते 2005 दरम्यान बंद पडलेल्या बेकऱ्यांच्या जागांचा सरासरी गुण सगळ्या बेकऱ्यांच्या सरासरीपेक्षा कमी निघाला.

या आकड्यांना मर्यादा आहे. आज जे शेजारी दिसतात ते टिकलेले शेजारी आहेत; त्यांच्यातली ओढ कशामुळे, हे गुण सांगत नाही. आणि लियाँचे गुण उचलून लातूरला लावता येणार नाहीत. तिथल्या कोष्टकात फॉल-पिकोची ओळच सापडणार नाही. ब्रँडची यादी पुण्याहून उतरवून घेण्यात नेमकी हीच गफलत होते. 100 गाळ्यांच्या मॉलमध्ये दुकानांच्या 4950 जोड्या होतात. यादी उतरवली म्हणून त्या जोड्या उतरत नाहीत, कारण त्या माणसांच्या फिरण्यातून जमतात. पुण्यात संध्याकाळी सिनेमाला आलेलं जोडपं आणि लातुरात सकाळी बस्त्याला आलेली दहा माणसं यांची वाट वेगळी असते. लातूरच्याच ट्यूशन एरियात क्लासभोवती झेरॉक्स, पुस्तकं, मेस आणि होस्टेलं जमतात, ती तिसरीच वाट.

जोड्यांमध्ये काही भागीदार फार मोठे असतात. त्यांना अँकर म्हणतात: मोठं सुपरमार्केट, मल्टिप्लेक्स, कपड्यांचं भव्य दालन. गूल्ड, पाशिजियन आणि प्रेंडरगास्ट या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या मॉलचे करार तपासून 2005 मध्ये जे मांडलं, ते वाचून मी थक्क झालो. अँकर दुकानं सरासरी 58 टक्क्यांहून जास्त जागा व्यापतात आणि मॉलच्या एकूण भाड्यापैकी फक्त 10 टक्के भाडं देतात. वरवर हा शुद्ध आतबट्ट्याचा व्यवहार वाटतो. पण आपल्याकडचा पाझर तलाव आठवा. तलावातलं पाणी उन्हाळ्याआधी आटलं तरी शेतकरी त्याला निकामी म्हणत नाही. तो खालच्या अंगाच्या विहिरींची पातळी बघतो. अँकरच्या नावावर आलेली माणसं बाहेर पडताना बांगड्या, चष्मे, आइस्क्रीम, मोबाइलचं कव्हर घेतात आणि मालक भाडं वसूल करतो ते या छोट्या गाळ्यांकडून, चौरस फुटामागे कितीतरी चढ्या दराने. म्हणून अँकर एकमेकांपासून लांब, दोन टोकांना ठेवायची जुनी रीत आहे. एकाकडून दुसऱ्याकडे जाताना मधले सगळे गाळे वाटेत येतात.

आणि जो गाळा त्या वाटेवर नसतो तो बसतो. असा कोपरा बसला की अनेकदा वास्तुतज्ज्ञाला बोलावलं जातं, दाराची दिशा बदलते, पिरॅमिड बसवले जातात, गाळेधारक आधीच कर्जात असताना त्याच्याकडून आणखी पैसे जातात. याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्याच दिशेला तोंड असलेला खालच्या मजल्यावरचा गाळा सरकत्या जिन्यासमोर असल्यामुळे व्यवस्थित चालत असतो, हे डोळ्यांसमोर असतं. दोष दिशेत असता तर दोघेही बुडायला हवे होते. शनिवारी संध्याकाळी तासभर उभं राहून दारासमोरून जाणारी माणसं मोजली तर कारण फुकटात कळतं. तसंच 'वीकेंडला इतके हजार फुटफॉल', म्हणजे इतकी हजार माणसं आत आली, या जाहिरातीचंही. एसीत फिरून फूड कोर्टात बसून परत गेलेला माणूसही त्या आकड्यात असतो. किती जणांच्या हातात पिशव्या होत्या आणि त्या किती वेगवेगळ्या दुकानांच्या होत्या, तो आकडा विचारावा.

मराठवाड्यासाठी मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा मालकीचा आहे. छत्रपती संभाजीनगरला चिकलठाण्यात 2010 मध्ये प्रोझोन मॉल सुरू झाला, तेव्हापासून जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांतही मॉलची स्वप्नं बघितली जातात. पण बांधलं जातं ते बहुतेक वेळा कॉम्प्लेक्स, आणि गाळे एकेक करून विकले जातात. ज्याच्या हातात सगळे गाळे आहेत तो अँकरला स्वस्तात जागा देऊन बाकीच्यांकडून भरून काढू शकतो, भाडं विक्रीच्या टक्केवारीत घेऊ शकतो, न चालणारी जोडी मोडून नवी जमवू शकतो. आपल्याकडे सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीला हातात येतो आणि लग्नसराई उन्हाळ्यात, त्यामुळे विक्री वर्षभर सारखी नसते. म्हणून टक्केवारीतलं भाडं इथल्या छोट्या दुकानदाराला विशेष सोयीचं. गाळे दीडशे जणांना विकले की हे सगळंच संपतं. सुपरमार्केटला सवलत द्यायला कोणी तयार होत नाही, कारण सवलत देणारा एक आणि पाझर मिळणारे दुसरेच. मग तळमजल्यावर मोबाइलच्या दुकानाशेजारी पतसंस्था येते, पतसंस्थेशेजारी पॅथॉलॉजी लॅब, आणि बरेच गाळे गुंतवणूक म्हणून घेतलेले असल्याने शटर लावूनच राहतात. बंद शटरपाशी चालणारा माणूस परत फिरतो आणि त्याच्या पुढच्या चालू गाळ्याचंही नुकसान होतं.

म्हणून तुमच्या गावात 'मॉलमध्ये गाळा घ्या' अशी जाहिरात लागली तर बिल्डरला चौरस फुटाच्या भावाआधी हे विचारा: किती गाळे विकणार आणि किती स्वतःकडे ठेवून भाड्याने देणार? अँकरशी करार झाला आहे का, किती वर्षांचा? शेजारच्या गाळ्यात कोणता धंदा चालेल आणि कोणता नाही, हे करारात लिहिलंय का? तो गाळा वर्षभर बंद राहिला तर तो उघडायला लावायचा अधिकार कोणाकडे आहे? उत्तरं कागदावर मिळत नसतील, तर बाजारातला साधा गाळा बरा. तिथले शेजारी निदान आधी बघून घेता येतात.