गाडीचा मालक कुठला आणि गाडी बनते कुठे

‘ब्रिटनमध्ये आता गाड्या बनतात कुठे, सगळा कारभार बँका आणि विम्यावर,’ असं कुणी म्हणालं की पाठोपाठ ‘जग्वारसुद्धा टाटांनीच घेतली’ हेही येतंच. या दोन वाक्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. कंपनी परक्या हातात जाणं वेगळं, देशातला कारखाना बंद पडणं वेगळं. सेवाक्षेत्रावर चालणाऱ्या देशात गाड्यांच्या उद्योगाचं पुढे काय, ही चर्चा दर वेळी याच गल्लतीत रुतते.

मालकीचं बहुतेकांना पाठ आहे, म्हणून भरभर सांगतो. जग्वार लँड रोव्हर २००८पासून टाटांची, मिनी बीएमडब्ल्यूची, संडरलंडचा कारखाना निस्सानचा. नाव बघून तर काहीच ठरवू नये. एमजीला आजही ब्रिटिश गाडी म्हणणारे भेटतात आणि मला त्याचा खरंच वैताग येतो. तिच्यामागे एसएआयसी ही चीनची वाहन कंपनी आहे, भारतात सोबतीला जेएसडब्ल्यू, आणि इथली गाडी बनते गुजरातेत हलोलला.

उत्पादन टिकतं ते वेगळ्याच गोष्टीवर. बीएमडब्ल्यूने २०००मध्ये रोव्हर ही गाड्यांची ब्रिटिश कंपनी विकली तेव्हा ती चार ब्रिटिश उद्योजकांच्या हाती आली. मालक अस्सल देशी! तरी २००५मध्ये रोव्हरचा लाँगब्रिजचा कारखाना बुडाला आणि हजारोंची नोकरी गेली. त्याच काळात जपानी मालकाचं संडरलंड आणि जर्मन मालकाची ऑक्सफर्डची मिनी जोरात चालू होती. त्यांच्याकडे नवी मॉडेलं होती, निर्यातीची बाजारपेठ होती आणि सुटे भाग पुरवणाऱ्यांना पोसेल इतका खप होता.

यातला पुरवठादार हा मुद्दा लोकांच्या लक्षातच येत नाही. ऑस्ट्रेलियाकडे बघा. तिथली गाड्यांची कंपनी होल्डन १९३१पासूनच अमेरिकेच्या जनरल मोटर्सची, म्हणजे परकी मालकी तिथे कित्येक दशकं नांदली. मग आयात शुल्क ५ टक्क्यांवर आलं, चलन महागलं, छोटी बाजारपेठ असंख्य ब्रँडांत वाटली गेली. मे २०१३मध्ये फोर्डने, डिसेंबरात होल्डनने आणि फेब्रुवारी २०१४मध्ये टोयोटाने कारखाने बंद करणार असल्याचं जाहीर केलं. नऊ महिन्यांत तिघेही! तिघांना माल देणारे पुरवठादार बरेचसे तेच होते. एक गिऱ्हाईक गेलं की पुरवठादाराचं गणित बिघडतं, आणि तो डळमळला की उरलेल्या कारखान्यांचा खर्च वाढतो. ऑक्टोबर २०१७मध्ये शेवटचा कारखाना थांबला.

फोर्डचे अभियंते मात्र ऑस्ट्रेलियात राहिले. त्यांनी विकसित केलेली रेंजर ही पिकअप गाडी थायलंडमध्ये बनते. ‘कारखाने गेले तरी चालेल, डोकं आपल्याकडे आहे’ म्हणणाऱ्यांना हे उदाहरण फार आवडतं. मला ते अपुरं वाटतं. आराखड्याचं काम थोड्यांना पोसतं. साचे, ओतकाम, वायरिंग हार्नेस (गाडीतल्या तारांचे जुडगे), सीट यांवर अख्खं गाव जगतं. हिंजवडीतल्या अभियांत्रिकी सेवांचा मला अभिमान आहे, पण त्या चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यांची जागा घेऊ शकत नाहीत.

म्हणूनच, बहुसंख्य भांडवल जपानच्या सुझुकीचं असूनही मारुतीला मी पक्की देशी मानतो. गुडगाव-मानेसरभोवती तिच्या पुरवठादारांचं जाळंच आहे. उलट टाटांच्याच मालकीची रेंज रोव्हर पुण्यात जुळवली जाते ती ब्रिटनहून आलेल्या सुट्या भागांच्या संचांतून.

विजेच्या गाडीत सर्वांत महागडा सुटा भाग म्हणजे बॅटरी. संडरलंडला निस्सानच्या शेजारीच बॅटरीचा कारखाना आहे, आणि टाटांची बॅटरी कंपनी आग्राटास ब्रिटनमधल्याच सॉमरसेटमध्ये तसाच मोठा कारखाना उभारते आहे. ब्रिटनमध्ये गाड्या बनत राहतील का, हे कंपनीच्या भागधारकांच्या यादीपेक्षा या कारखान्यांवर जास्त ठरेल. चाकणच्या प्रत्येक नव्या विजेच्या गाडीबद्दलही मी पहिल्यांदा हेच विचारतो, की हिच्या बॅटरीतले सेल कुठून आले?