आच ओसरल्यावर दिसणारा तारा

नाशिकच्या भांडी बाजारात वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही: तांब्याचं भांडं चुलीवरून उतरवलं की भराभर निवतं, मातीचं बराच वेळ धग धरून राहतं. हात न लावता, नुसत्या निवण्यावरून भांडं कशाचं ते ओळखता येतं. न्यूट्रॉन ताऱ्यांचं, म्हणजे मोठ्या ताऱ्यांच्या स्फोटानंतर उरलेल्या अतिघन गाभ्यांचं, बाहेरचं घट्ट कवच खगोलशास्त्रज्ञांनी असंच ओळखलं. हे 'भांडं' जेमतेम वीसेक किलोमीटर व्यासाचं, सूर्याहून जड आणि हजारो प्रकाशवर्षं दूर.

अशा ताऱ्याला हलका जोडीदार असेल तर तो त्याच्याकडून वायू ओढतो. वायूची चकती साचत जाते आणि कधीतरी तो वायू वेगाने ताऱ्यावर कोसळू लागतो. मग क्ष-किरणांचा उद्रेक होतो. पुढे सगळं शांत. आधी साऱ्यांची नजर उद्रेकांवरच होती. १९६९ साली सेन एक्स-४ हा असा तारा सापडला तोही अणुचाचण्यांवर पाळत ठेवणाऱ्या अमेरिकेच्या वेला उपग्रहांना. शांत काळात तेज हजारो, कधी लाखभर पटींनी उतरतं. तेव्हाच्या दुर्बिणींना ते जेमतेमच दिसे.

पण उद्रेकात चकतीच्या झगमगाटामागे तारा लपतो, उघडा पडतो तो शांततेत. त्या वेळचं मंद तेज येतं कुठून? १९९८ मध्ये ब्राउन, बिल्डस्टेन आणि रटलेज या खगोलशास्त्रज्ञांनी सुचवलं, की वरून पडलेल्या पदार्थाच्या दाबाने कवचात खोलवर अणुकेंद्रकीय प्रक्रिया होतात आणि तीच ऊब नंतर झिरपत राहते. मला या इतिहासातली ही सर्वांत सुंदर कल्पना वाटते.

तिची कसोटी लवकरच लागली. केएस १७३१-२६० हा १९८९ मध्ये सापडलेला स्रोत तब्बल बारा वर्षं धगधगून २००१ च्या सुरुवातीला विझला. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या नावाची, क्ष-किरण टिपणारी चंद्रा दुर्बीण तेव्हा अवकाशात होतीच. पृष्ठभागाचं तापमान आधी दहा लाख अंशांच्या वर होतं, ते पुढच्या काही वर्षांत जवळपास तिसऱ्या हिश्शाने घटलं. एमएक्सबी १६५९-२९ हाही असाच भराभर निवला. म्हणजे कवच तांब्यासारखं: उष्णता सहज वाहून नेणारं, आत अणुकेंद्रकांची नीटस जाळी असलेलं. त्याआधी अनेकांना ते अशुद्ध, विस्कळीत असेल असं वाटत होतं.

सगळेच तारे असे वागत नाहीत. सॅक्स जे१८०८ शांत असताना इतका थंड असतो, की त्याच्या गाभ्यातली उष्णता न्यूट्रिनो, म्हणजे कशालाही न अडखळता आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण, पळवत असावेत. एक्सएसएस जे१२२७० चं तेज २०१२ च्या अखेरीस उतरलं, चकती नाहीशी झाली. मग त्याचे रेडिओ स्पंद सापडले, १.६९ मिलिसेकंदाला एक. ते टिपले नारायणगावजवळच्या खोडदच्या महाकाय दुर्बिणीने, म्हणजे आपल्या नाशिक-पुणे रस्त्यालगतच्या त्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांनी.