शस्त्रक्रियेनंतर च्युइंगम चघळणे

आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर मंदावलेली पचनसंस्था लवकर चालू व्हावी, म्हणून रुग्णाला च्युइंगम चघळायला देण्याची पद्धत. आतडे हाताळले गेले की काही काळ निपचित पडते. या अवस्थेला आयलियस म्हणतात. लहान आतडे साधारण २४ तासांत सावरते, जठराला २४ ते ४८ तास लागतात, मोठे आतडे सर्वांत शेवटी, ४८ ते ७२ तासांनी जागे होते. तोवर पोट फुगते, मळमळते. राउंडवर आलेले डॉक्टर ‘गॅस पास झाला का?’ असे रोज विचारतात ते यासाठीच. याचे उत्तर न लाजता द्यावे.

चघळताना मेंदूला जेवण चालू असल्याचा भास होतो. व्हेगस या चेतातंतूमार्फत पाचकरस स्रवतात, आतड्यांना चालना मिळते; पोटात मात्र अन्न जात नाही. जपानमधील आसाओ व सहकाऱ्यांनी २००२ साली मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झालेल्या १९ रुग्णांवर हे तपासले. दिवसातून तीनदा च्युइंगम चघळणाऱ्यांचा वारा सरासरी २.१ दिवसांनी सरला, इतरांचा ३.२ दिवसांनी. अभ्यास लहान होता, पण उपाय इतका स्वस्त की पुढे अनेक देशांत त्याच्या चाचण्या झाल्या. त्यांतून दिसलेला फायदा माफक आहे आणि पुष्कळ चाचण्यांचा दर्जा यथातथाच. जिथे रुग्णाला लवकर खाऊ देतात तिथे तर तो आणखी कमी दिसतो. ते साहजिकच आहे: च्युइंगम ही जेवणाची नक्कल, आणि खरे जेवण मिळाल्यावर नकलेचे काम फारसे उरत नाही.

लवकर खाऊ घालण्याचा आग्रह धरला तो डेन्मार्कचे शल्यविशारद हेन्रिक केलेट यांनी. वेदनाशमनासाठी अफूजन्य औषधे कमीत कमी (ती आतडे आणखी सुस्त करतात), लगेच खाणेपिणे आणि पहिल्याच दिवशी अंथरुणातून उठून चालणे, असा क्रम त्यांनी १९९० च्या दशकात बसवला. त्यांच्या ६० रुग्णांच्या मालिकेत मोठ्या आतड्याचा भाग काढल्यानंतरचा रुग्णालयातील मध्यक मुक्काम अवघा दोन दिवसांचा होता. कॉफीचाही उपयोग होतो: जर्मनीत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कॉफी पिणाऱ्यांना सुमारे ६० तासांनी शौचाला झाले, पाणी पिणाऱ्यांना ७४ तासांनी.

गुंगीतल्या किंवा गिळायला त्रास होणाऱ्या रुग्णाला च्युइंगम देऊ नये. पोट फुगत जाऊन उलट्या सुरू झाल्या तर चघळणे थांबवून लगेच डॉक्टरांना सांगावे.