आया आणि दूधआई: वसाहतकालीन चित्रांतील दोन स्त्रिया

ब्रिटिश अमदानीतील एखाद्या चित्रात साहेबाचे मूल घेतलेली भारतीय बाई दिसली की तिला सरसकट ‘आया’ म्हटले जाते. मात्र मूल सांभाळणारी आया आणि आपले दूध पाजणारी दूधआई यांची कामे निराळी होती आणि त्यासाठी त्यांना मोजावी लागणारी किंमतही निराळी होती. दूधआईला स्वतःचे तान्हे बाळ मागे ठेवून परक्याच्या बाळाला छातीशी धरावे लागे, म्हणून तिला नावानिशी वेगळे ओळखणे मला अगत्याचे वाटते.

या गोंधळाचे एक मूळ शब्दांतच आहे. ‘आया’ हा शब्द पोर्तुगिजांकडून आला. मुंबई-मद्रासकडील इंग्रज दूधआईला ‘आमा’ म्हणत, तोही शब्द पोर्तुगीजच. बंगाल आणि उत्तर हिंदुस्थानात तिला ‘दाई’ म्हणत, तर मराठीत दाई म्हटल्यावर आज आपल्याला बाळंतपण करणारी सुईण आठवते. आपला स्वतःचा शब्द दूधआई. छत्रपती संभाजी महाराजांना दूध पाजणाऱ्या कापूरहोळच्या धाराऊंना आपण याच शब्दाने ओळखतो. इंग्रजीतील ‘नर्स’ या शब्दात तर पाजणे आणि सांभाळणे हे दोन्ही अर्थ मावत. इंग्रज चित्रकार चार्ल्स डॉयली यांच्या १८१३ च्या चित्रसंग्रहातील एका चित्राच्या नावात ‘आया, अर्थात नर्स’ असेच शब्द आहेत, आणि तेवढ्यावरून चित्रातील बाईचे नेमके काम ठरवता येत नाही.

मग कपड्यांवरून ओळख पटते का? थोडीफार, आणि तीही जपून. दूधआईसाठी वेगळा असा ठरलेला पोशाख नव्हता. ती आपल्या प्रांताचे आणि जातीधर्माचे लुगडे किंवा घागरा-ओढणीच नेसत असे. म्हणून पाहायचे ते वस्त्राची रचना. आपल्याकडील चोळीची गाठ छातीखाली पुढच्या बाजूस असते, ती सोडून पदराआड बाळाला सहज पाजता येते. पाठीवर बंद बांधायच्या काचोळीत ही सोय नसते. बंगालमध्ये पूर्वी अनेक स्त्रिया साडीखाली चोळी घालतच नसत, त्यामुळे तिकडच्या चित्रातील उघडा खांदा हा दूधआईचा पुरावा ठरत नाही. शिवाय मालकिणीने दिलेले नवे, स्वच्छ कपडे आयेच्याही अंगावर असू शकत.

वस्त्रापेक्षा बाळाचे वय अधिक सांगून जाते. इंग्रज चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्स यांनी १७६५-६६ च्या सुमारास रंगवलेल्या जॉर्ज क्लाइव्ह कुटुंबाच्या चित्रात भारतीय बाई सावरते आहे ती उभी राहणारी मुलगी आहे, कुशीतले तान्हे मूल नव्हे; म्हणून तिला आया म्हणणे रास्त वाटते, तरी तीच बाई त्या मुलीची आधीची दूधआई असणे अशक्य नाही, कारण मूल दुधावरून तुटल्यावरही काही दूधआया त्याच घरी सांभाळण्याच्या कामावर राहत. धंद्यांनुसार माणसे रेखाटणाऱ्या चित्रमालांत कलाकाराचा सारा भर नमुना दाखवण्यावर असे. अशा चित्रांतील बाईचे नाव सहसा लिहिले जात नसे, आणि तिच्या स्वतःच्या बाळाला चित्रात जागाच नसे.