हायड्रोजन इंधन घटाची कार्यक्षमता

हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन यांच्यापासून, काहीही न जाळता, थेट वीज मिळवणारे साधन म्हणजे इंधन घट किंवा फ्युएल सेल. इथे वाहनांत वापरल्या जाणाऱ्या पॉलिमर मेंब्रेनच्या घटाचा विचार केला आहे. मेंब्रेन म्हणजे प्रोटॉनना वाट देणारा पातळ पडदा; त्याच्या एका बाजूला हायड्रोजन असतो, दुसऱ्या बाजूला हवा. २५ अंश सेल्सिअसला अशा एका घटातून सिद्धांताप्रमाणे १.२३ व्होल्ट मिळायला हवेत. गाडी ओढताना प्रत्यक्षात ०.६ ते ०.७ व्होल्टच हाती लागतात. उरलेले व्होल्ट कुठे गळतात ते शोधून गळती कमी करणे, हेच कार्यक्षमता वाढवण्याचे काम.

सर्वांत मोठी गळती हवेच्या बाजूला होते. हायड्रोजनचा रेणू प्लॅटिनम या उत्प्रेरकावर चटकन फुटतो, ऑक्सिजनचा मात्र फार सावकाश. त्यामुळे महागडे प्लॅटिनम मुख्यतः तिकडेच लागते. प्लॅटिनमच्या कणापर्यंत वायू, इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन हे तिघेही पोचले तरच तो कण कामाला येतो. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत १९८०च्या दशकात कार्बनच्या विद्युत अग्रात (इलेक्ट्रोडमध्ये) मेंब्रेनचाच पॉलिमर द्रावणरूपात मुरवला गेला. प्रोटॉनना आतवर वाट मिळाली आणि दर चौरस सेंटिमीटरला लागणारे प्लॅटिनम सुमारे ४ मिलिग्रॅमवरून ०.४ मिलिग्रॅमवर आले. नवा धातू न शोधता मिळालेले हे यश या क्षेत्रातले सर्वांत मोलाचे म्हणावे लागेल.

खरी कसरत पाण्याची आहे. मेंब्रेन ओले असेल तरच त्यातून प्रोटॉन जातात. सुकले की रोध वाढतो. दुसरीकडे, घट स्वतःच पाणी तयार करतो आणि ते साचले की हवेची वाट बंद होते. वायू वाहून नेणाऱ्या जेमतेम मिलिमीटरभर रुंदीच्या खाचेत एक थेंब अडकला, तरी त्या घटाचे व्होल्ट घसरतात. स्टॅकमध्ये, म्हणजे घटांच्या थप्पीत, शेकडो घट एकामागोमाग जोडलेले असल्याने एक आजारी घट साऱ्यांनाच मागे खेचतो. हायड्रोजनच्या बाजूला पाणी तुंबले तर आणखी वाईट: घटाचे धन-ऋण ध्रुव उलटे होतात आणि त्याचा कार्बन झिजू लागतो. म्हणून वायू आत पोचवणाऱ्या कार्बन पेपरला पाणी न धरणारे टेफ्लॉन चढवतात, मेंब्रेन पातळ करतात म्हणजे तयार झालेले पाणी मागे हायड्रोजनच्या बाजूला झिरपते, आणि हायड्रोजनच्या बाजूची झडप अधूनमधून उघडून पाणी बाहेर फेकतात. टोयोटाने २०१४च्या मिराई गाडीत हवेच्या बाजूला सरळ खाचांऐवजी बारीक त्रिमितीय जाळी बसवली. पाणी जाळीत ओढले जाते, हवा उत्प्रेरकाकडे वळते. त्या स्टॅकने आपल्या आकारमानाच्या दर लिटरमागे ३.१ किलोवॉट दिले.

इंधनाची शुद्धताही तितकीच महत्त्वाची. कार्बन मोनॉक्साइड प्लॅटिनमला घट्ट चिकटून जागा अडवतो. वाहनांच्या हायड्रोजनसाठी आंतरराष्ट्रीय मानकाने त्याची मर्यादा दशलक्षात ०.२ भाग इतकी कडक ठेवली आहे.

पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी ही कंपनी यांनी २०२० मध्ये अशा घटावर चालणाऱ्या गाडीची चाचणी घेतली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये बस दाखवली. त्यांचा घट ६५ ते ७५ अंशांवर चालतो. आपल्याकडे याच आकड्यांपाशी अडचण येते. इंजिनाची बरीच उष्णता धुराबरोबर निघून जाते. इंधन घटाची जवळपास सगळी रेडिएटरमधूनच काढावी लागते. विदर्भाच्या ४५ अंशांच्या उन्हात घट आणि हवा यांच्यातला फरक जेमतेम २० ते ३० अंशांचा उरतो. रेडिएटर मोठा करावा तर गाडीत जागा नाही, घट अधिक तापू द्यावा तर मेंब्रेन सुकते. म्हणूनच शंभर अंशांपुढेही कमी ओलाव्यात प्रोटॉन वाहून नेणाऱ्या मेंब्रेनचा शोध चालू आहे.