ट्रायब्युटिल टिन आणि नदीमुखांतील जीवसृष्टी

ट्रायब्युटिल टिन (टीबीटी) हे कथिलाचे सेंद्रिय संयुग. जहाजाच्या बुडाला शेवाळ, बार्नॅकल (कठीण कवचाचे, चिकटून राहणारे लहान सागरी जीव), शिंपले चिकटले की वेग घटतो आणि इंधन जास्त जळते. ते चिकटू नयेत म्हणून १९६० च्या दशकापासून बुडाच्या रंगात टीबीटी मिसळू लागले. पुढच्या दशकात आलेला रंग पाण्यात हळूहळू झिजे आणि खालचा ताजा विषारी थर उघडा पडे, त्यामुळे जहाज चार-पाच वर्षे पुन्हा रंगवावे लागत नसे. झिजलेले विष मात्र बंदराच्या पाण्यात उतरत होते. नांगरलेल्या बोटींची दाटी, संथ पाणी आणि विष धरून ठेवणारा बारीक गाळ असल्यामुळे नदीमुखांना व खाड्यांना त्याचा सर्वाधिक फटका बसला.

पहिला इशारा फ्रान्समधील आर्काशाँच्या उपसागरातून आला. तेथील कालवांची शेती प्रसिद्ध आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात कालवांची पिल्ले धरेनाशी झाली. मोठ्या कालवांच्या शिंपा जाड होऊन त्यांत चिकट द्रवाचे कप्पे पडले, काही तर चेंडूसारख्या फुगल्या. असा माल कोण घेणार? शेतकऱ्यांचे उत्पन्न बुडाले, तेव्हा १९८२ मध्ये फ्रान्सने २५ मीटरपेक्षा लहान बोटींवर या रंगाला बंदी घातली. त्यानंतर पिल्ले पुन्हा धरू लागली.

याहून विदारक हाल न्यूसेला लॅपिलस या खडकांवरच्या लहान शंखाचे झाले. इंग्लंडमध्ये प्लिमथजवळ या जातीच्या माद्यांना नराचे लिंग व शुक्रवाहिनी फुटल्याचे दिसले. या विकाराला ‘इम्पोसेक्स’ म्हणतात. लिटरभर पाण्यात नॅनोग्रॅमभर, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग, टीबीटीही त्याला पुरते. वाढलेल्या शुक्रवाहिनीमुळे अंडमार्ग बुजतो, अंडी आतच साठतात आणि मादी मरते. या जातीची पिल्ले पाण्यावर तरंगत दूर जात नाहीत, म्हणून एका खडकावरची वसाहत संपली की दुसरीकडून तिथे सहज भरपाई होत नाही. रसायन मोजणारी उपकरणे चाचपडत असताना हा शंखच प्रदूषणाची मोजपट्टी ठरला, हे त्याचे ऋण मानायला हवे.

झुआरी नदीच्या मुखाशी असलेल्या मुरगाव बंदराच्या परिसरातही गोव्याच्या राष्ट्रीय सागरविज्ञान संस्थेच्या संशोधकांना हा विकार आढळला. तिथला शंख होता क्रोनिया कोंकणेन्सिस. कोकणचे नाव मिरवणारी ही जात.

ब्रिटनने १९८७ मध्ये लहान बोटींपुरते निर्बंध आणले. सर्व जहाजांवर या रंगाला बंदी घालणारा जागतिक करार मात्र २००१ मध्ये झाला आणि २००८ मध्ये अमलात आला. इतकी वर्षे मोठ्या जहाजांना मिळालेली सूट समर्थनीय नव्हती. टीबीटीच्या जागी तांब्याची संयुगे आणि सायब्युट्रीन हे शेवाळनाशक आले. सायब्युट्रीन पाणवनस्पतींचे प्रकाशसंश्लेषण रोखते, म्हणून २०२३ पासून त्यावरही बंदी आली. टीबीटी पाण्यात काही दिवसांत किंवा आठवड्यांत विघटित होते, पण प्राणवायू नसलेल्या गाळात वर्षानुवर्षे टिकते. जुन्या बंदरांत गाळ उपसताना ते पुन्हा पाण्यात मिसळू शकते.